अमेरिकेंत कोणत्या शहरीं बिऱ्हाड करावें?

विरारच्या फलाटावर सकाळच्या गाडीची वाट पाहत उभ्या राहणाऱ्या मंडळींस घर बदलण्याचें शास्त्र कोणी शिकवावयास नको. १८६७ सालीं विरारहून मुंबईकडे पहिली उपनगरी गाडी निघाली. पुढें मुंबईचें भाडें परवडेनासें झालें तशीं कुटुंबांमागून कुटुंबें उत्तरेकडे सरकत आलीं. गिरगांवांतून दादरास, दादराहून बोरिवलीस आणि बोरिवलीहून नालासोपाऱ्यास वा विरारास आलेला गृहस्थ नवें घर पाहावयास गेला म्हणजे इमारतीचा रंग पाहून भुलत नाहीं. पोटापाण्याची सोय कोठें, स्टेशन किती मिनिटांचें, महिन्याचा खर्च किती, पावसाळ्यांत रस्त्यावर पाणी तुंबतें कीं काय, आणि शेजार कसा, हे पांच प्रश्न तो विचारतो. त्यांचीं उत्तरें मनासारखीं मिळालीं म्हणजेच तो पुढची गोष्ट काढतो.

परंतु त्याच घरांतील मुलास किंवा मुलीस अमेरिकेंतील विद्यापीठाचें प्रवेशपत्र अथवा एखाद्या कंपनीचें नेमणूकपत्र आलें, आणि दोनतीन शहरांतून एक निवडण्याचा प्रसंग आला, कीं हें सारें शहाणपण एकाएकीं लोपतें. मग शहराचें नांव किती मोठें आणि पगाराचा आंकडा केवढा, एवढ्या दोनच गोष्टींवर निकाल लागतो. चांगल्या सुशिक्षित घरांतूनहि असें घडतें. वास्तविक पाहतां, दहा हजार कोसांवर नव्हे तर दहा स्टेशनांवर घर घेतांना जे प्रश्न विचारावे लागतात, तेच प्रश्न तेथेंहि विचारावे लागतात. आणि जो ते विचारीत नाहीं, त्याला त्यांचीं उत्तरें पुढें स्वतःच्या अनुभवानें व स्वतःच्या खर्चानें मिळवावीं लागतात.

अमेरिकेंत शहर निवडण्याचा प्रसंग मराठी माणसावर आज प्रथम आलेला नाहीं. ज्या खाडीच्या मुखाशीं वसईचा किल्ला आहे, तिच्याच वरच्या अंगास कल्याण आहे. त्या कल्याणच्या जोशी घराण्यांतील यमुना, म्हणजे लग्नानंतरच्या आनंदीबाई जोशी, १८८३ सालच्या एप्रिलांत कलकत्त्याहून बोटीनें निघाल्या व ४ जून रोजीं न्यूयॉर्क बंदरास लागल्या. वय अवघें अठरा वर्षांचें. वैद्यकीचें शिक्षण घेऊन स्वदेशीं परत यावें व येथील स्त्रियांस स्त्रीवैद्य मिळावी, हा त्यांचा हेतु होता. चौदाव्या वर्षीं झालेलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, हें दुःख त्या हेतूच्या मुळाशीं होतें.

त्या काळीं स्त्रियांस वैद्यकी शिकविणारें कॉलेज अमेरिकेंत एकाच गांवीं होतें असें नाहीं. बोस्टन येथें १८४८ सालीं स्त्रियांच्या वैद्यकशिक्षणाचा आरंभ झाला होता व ती संस्था १८७३ मध्यें बोस्टन विद्यापीठांत विलीन झाली होती. न्यूयॉर्कास एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनीं १८६८ सालीं कॉलेज काढलें होतें. शिकागोस १८७० पासून तसेंच एक कॉलेज चालत होतें. आणि फिलाडेल्फिया येथें १८५० सालीं स्थापन झालेलें पेन्सिल्व्हेनियाचें स्त्रियांचें वैद्यकीय महाविद्यालय होतें. नांवाच्या मोठेपणावर निवड करावयाची, तर ज्या बंदरांत पाऊल टाकलें तें न्यूयॉर्क सोडून पुढें जाण्याचें कारण नव्हतें.

आनंदीबाईंनीं दुसरीच रीत धरली. प्रथम हेतु ठरला. त्या मागून माणसें मिळालीं. आणि शहर सर्वांच्या शेवटीं आलें. त्यांचे पति गोपाळराव यांनीं १८७८ सालीं लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मिशनरी मासिकांत छापलें गेलें, आणि न्यू जर्सी संस्थानांतील रोझेल या लहानशा गांवच्या थिओडोशिया कार्पेंटर नांवाच्या बाईंच्या तें दृष्टीस पडलें. दोघींचा पत्रव्यवहार वाढला व त्यांत मावशीभाचीचें नातें जडलें. म्हणून बोट न्यूयॉर्कास लागली तरी आनंदीबाईंचें पहिलें बिऱ्हाड न्यूयॉर्कांत झालें नाहीं. तें रोझेलास, कार्पेंटर मावशींच्या घरीं झालें. त्या घरीं राहून त्यांनीं फिलाडेल्फियाच्या कॉलेजास अर्ज केला. तेथील प्रमुख रॅचेल बॉड्ली यांनीं त्यांस प्रवेश दिला व शिष्यवृत्तीचीहि सोय झाली. फिलाडेल्फिया रोझेलाहून आगगाडीच्या टप्प्यांत होतें. अभ्यास, आश्रय आणि आप्त अशीं तिन्ही साधलीं, तेव्हां शहर ठरलें. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली.

एवढ्यावर गोष्ट संपती तर ती मुलांच्या पाठ्यपुस्तकांत शोभली असती. परंतु एक प्रश्न राहून गेला होता, आणि त्याची किंमत फार जबर पडली. तो प्रश्न हवेचा व राहणीचा. फिलाडेल्फियाचा हिवाळा बर्फाचा, अंगावर नऊवारी लुगडें, शाकाहाराचें व्रत, आणि पहिल्या बिऱ्हाडांतील खोली अशी, कीं शेगडी पेटवावी तर धूर कोंडावा आणि विझवावी तर गारठा सोसावा. प्रकृति मुळांतच नाजूक. ती तेथें ढासळली व क्षयानें घर केलें. १८८६ च्या अखेरीस त्या परत आल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत त्यांची नेमणूक झाली होती; परंतु त्या जागेवर त्यांस काम करतां आलें नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं. त्यांच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यांत आल्या व न्यूयॉर्क संस्थानांतील पौकीप्सी गांवीं त्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत ठेवण्यांत आल्या.

या चरित्राचा आदर करावयाचा तो नुसता हात जोडून नव्हे. त्यांत निवडीची योग्य रीतहि आहे आणि सावधगिरीची सूचनाहि आहे. हेतु व माणसें यांची निवड त्यांनीं उत्तम केली. शरीराचा विचार मात्र मागें पडला. त्यांच्या पदवीदानासाठीं इंग्लंडाहून आलेल्या पंडिता रमाबाईंचें उदाहरण याच्या जोडीला ठेवण्याजोगें आहे. रमाबाईंचें पहिलें पाऊल फिलाडेल्फियांत पडलें, कारण आप्त तेथें होता; त्यांचें इंग्रजी पुस्तकहि १८८७ सालीं तेथेंच छापलें गेलें. परंतु स्वदेशांतील विधवांच्या शाळेसाठीं साहाय्य मिळविण्याची वेळ आली तेव्हां रमाबाई असोसिएशन डिसेंबर १८८७ मध्यें स्थापन झालें तें बोस्टनास. त्या साहाय्याच्या बळावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत शारदा सदन उघडलें. काम बदललें, तसें शहर बदललें. शहर हें कामाचें साधन आहे, ही गोष्ट या दोघी कधीं विसरल्या नाहींत.

आतां आजच्या परिस्थितीकडे वळूं जातां, मधल्या काळांत कायदे पुष्कळ बदलले. विसाव्या शतकाच्या आरंभींच्या कायद्यांनीं हिंदी लोकांस दार जवळजवळ बंद होतें. १९४६ सालीं वर्षास शंभर जणांपुरतें तें किलकिलें झालें. आणि १९६५ च्या कायद्यानें देशादेशांतील तो भेद काढून टाकल्यावर डॉक्टर, इंजिनियर व शास्त्रज्ञ मोठ्या संख्येनें जाऊं लागले. आज नोकरीसाठीं जाणाऱ्यांपैकीं पुष्कळजण एच-१बी या परवान्यावर जातात. त्याची वर्षाची साधारण मर्यादा ६५,००० असून, अमेरिकेंत वरची पदवी घेतलेल्यांस आणखी २०,००० जागा आहेत. हे नियम वरचेवर बदलतात. सप्टेंबर २०२५ मध्यें नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचें शुल्क लावण्याची घोषणा झाली. म्हणून कालच्या ऐकीव माहितीवर आज तिकीट काढूं नये.

या परवान्याचें एक अंग शहराच्या निवडीशीं निगडित आहे. परवाना मालकाशीं बांधलेला असतो. नोकरी सुटली तर दुसरी शोधावयास फार तर साठ दिवसांचा अवधि मिळतो. तेवढ्यांत सोय न झाली तर गाशा गुंडाळावा लागतो. म्हणून पहिला प्रश्न असा: आपल्या धंद्याचे मालक त्या शहरीं एक कीं अनेक? ज्या गांवीं एकच मोठा कारखाना, त्या गांवीं पगार कितीहि असला तरी साठ दिवसांत दुसरें दार उघडेल असा भरंवसा नाहीं. संगणकाचें काम करणारास सॅन होजे व सॅन फ्रान्सिस्को यांच्या आसपासचा मुलूख किंवा सिॲटल. पैशाच्या पेढ्यांचें काम करणारास न्यूयॉर्क. तेल व वैद्यकी यांतील माणसास ह्यूस्टन. औषधांच्या संशोधनांतील माणसास बोस्टन अथवा न्यू जर्सी व फिलाडेल्फिया यांमधील पट्टा, अशी सर्वसाधारण विभागणी सांगतां येईल.

दुसरा प्रश्न गाडीचा. येथें वसईकराची दृष्टि विशेष उपयोगीं पडेल. एखाद्या घरीं होणारा संवाद कल्पनेनें ऐकावा. मुलगा उत्साहानें सांगत असतो, "बाबा, डॅलसला घर मोठें मिळतं, भाडंहि कमी." वडील चष्मा पुसत विचारतात, "स्टेशन किती लांब?" मुलगा हंसून म्हणतो, "बाबा, तिकडे स्टेशनाचा प्रश्नच नाहीं. मोटार घ्यावी लागते." वडील म्हणतात, "मग मोटारीचा हप्ता, तिचा विमा आणि पेट्रोल घरभाड्यांतच धर, आणि पुन्हां सांग बघूं, कमी कीं जास्त." या उत्तरांत सारें अर्थशास्त्र आलें. डॅलस, ह्यूस्टन यांसारखीं शहरें मैलोगणती पसरलेलीं आहेत. तेथें रेल्वे आहे, पण तिच्यावर सर्वस्वीं विसंबून संसार करणें कठीण. नवराबायको दोघेंहि नोकरीस गेलीं तर बहुधा मोटारी दोन लागतात. याच्या उलट न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे १९०४ सालीं सुरू झाली; तिचीं चारशेंहून अधिक स्टेशनें आहेत व ती रात्रंदिवस चालते. शिकागो, बोस्टन आणि फिलाडेल्फिया येथेंहि मोटारीवांचून राहणें शक्य आहे. न्यूयॉर्कांत भाडें परवडत नाहीं म्हणून कित्येक हिंदी कुटुंबें न्यू जर्सीतील जर्सी सिटी किंवा एडिसन येथें राहतात व गाडीनें ये-जा करतात. एडिसनहून न्यूयॉर्कचा प्रवास सुमारें तासाभराचा. विरारकरास यांत नवें कांहीं शिकावयाचें नाहीं. दाराला लोंबकळावें लागत नाहीं, एवढाच फरक.

तिसरा प्रश्न जमाखर्चाचा. पगाराचा आंकडा हा पगार नव्हे. सर्व देणीं देऊन महिन्याअखेर हातीं उरतें तो पगार. अमेरिकेंत मध्यवर्ती सरकारचा प्राप्तीवरील कर सर्वत्र आहे. त्याशिवाय संस्थानांचा कर निरनिराळा. टेक्सास व वॉशिंग्टन या संस्थानांत पगारावर असा कर नाहीं. म्हणून ह्यूस्टन, डॅलस व सिॲटल यांचा आंकडा प्रथमदर्शनीं गोड दिसतो. परंतु टेक्सासांत घरपट्टी जड असते, हें घर विकत घेणारानें विसरूं नये. कॅलिफोर्निया व न्यूयॉर्क येथें संस्थानाचा कर आहे. न्यूयॉर्क शहरांत राहणारास नगराचाहि वेगळा कर पडतो, आणि फिलाडेल्फियांत मजुरीवर नगराचा कर आहे. न्यूयॉर्कच्या घरमालकांचा एक प्रघात ध्यानांत ठेवण्यासारखा आहे: महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट तरी वर्षाची मिळकत असावी, अशी ते अपेक्षा करतात. दोन हजार डॉलरांचें घर पाहिजे असेल तर ऐशीं हजारांची मिळकत दाखवावी लागते. कोणत्याहि शहरासाठीं हाच हिशेब घरीं बसून कागदावर मांडावा. मोहाचा अर्धा भाग तेथेंच गळून पडतो. त्यांत वैद्यकीय विम्याचा हप्ताहि मांडावा, कारण तो विमा बहुधा नोकरीबरोबर येतो आणि नोकरीबरोबर जातो.

चौथा प्रश्न हवेचा. आनंदीबाईंच्या कथेनंतर त्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. वसईस थंडीच्या दिवसांतहि पारा दहा अंशांखालीं सहसा जात नाहीं. शिकागोस जानेवारींत तो शून्याखालीं दहा अंश गेला तर कोणास नवल वाटत नाहीं, आणि सरोवरावरून येणारा वारा त्यांत भर घालतो. आज घराघरांतून उष्णतेची सोय असते व वस्त्रें चांगलीं मिळतात. १८८३ ची स्थिति आतां नाहीं. तथापि दमा असणारानें, सांधेदुखी असणारानें अथवा म्हाताऱ्या आईवडिलांस सहा महिने नेऊं इच्छिणारानें हा विचार आधीं करावा. सिॲटल पावसाचें शहर म्हणून प्रसिद्ध आहे; तेथें वर्षास सुमारें एक हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वसईस त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. तेव्हां पावसाच्या मापास वसईकरानें भिऊं नये; परंतु वसईचा पाऊस चार महिने कोसळून मोकळा होतो, आणि सिॲटलचा हिवाळाभर झिमझिमतो व दिवस आंखूड, आकाश झांकोळलेलें राहतें. मनास मरगळ येते ती मापानें नव्हे, त्या अंधारानें. ह्यूस्टनची दमट उन्हाळी हवा कोकणच्या माणसास ओळखीची वाटेल; पण २०१७ च्या ऑगस्टांत हार्वे वादळाच्या पुरानें त्या शहराची काय दशा झाली हेंहि आठवावें. सॅन फ्रान्सिस्कोची हवा सौम्य, परंतु तेथील भूमि हालणारी. १९०६ व १९८९ चे भूकंप त्याची साक्ष देतात. निर्दोष शहर कोठेंच नाहीं. कोणता दोष आपणांस सोसवेल, एवढेंच ठरवावयाचें असतें.

पांचवा प्रश्न शेजाराचा, आणि तो शेवटीं येत असला तरी हलका नव्हे. शिकागोचें महाराष्ट्र मंडळ १९६९ सालचें. निरनिराळ्या गांवच्या मंडळांस एकत्र बांधणारें बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्यें स्थापन झालें, आणि त्याचीं अधिवेशनें डॅलस, सॅन होजे अशा ठिकाणीं भरत आलीं आहेत. पुष्कळ मंडळें मुलांसाठीं मराठी शाळा चालवितात. वसईच्या ख्रिस्ती घरास रविवारच्या उपासनेसाठीं चर्च, हिंदु घरास गणेशोत्सव, मुसलमान घरास मशीद आणि सर्वांसच भाजी, मासळी व ओळखीचें पीठ मिळण्याचें दुकान जवळ असणें, या गोष्टी पहिल्या वर्षीं औषधासारख्या उपयोगीं पडतात. परंतु मंडळ म्हणजे माणूस नव्हे. बाळंतपणांत रात्रीं दोन वाजतां ज्याचें दार ठोठावतां येईल असें एक घर त्या शहरीं आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न. आनंदीबाईंच्या वेळीं एकहि मराठी मंडळ नव्हतें. तरी एक कार्पेंटर मावशी होती.

या प्रश्नास दुसरी बाजूहि आहे. जो जातो त्याचा शेजार तिकडे तयार होतो. जे मागें राहतात त्यांचें काय? विरारास संध्याकाळीं साडेसात वाजतां देवापाशीं दिवा लागतो, तेव्हां न्यूयॉर्कास सकाळचे नऊ किंवा दहा झालेले असतात आणि सॅन फ्रान्सिस्कोस सहा किंवा सात. पूर्व किनाऱ्यावरचा मुलगा त्या वेळीं कामावर पोंचलेला असतो. पश्चिम किनाऱ्यावरचा घरींच असतो व आईशीं चार शब्द बोलूं शकतो. ही गोष्ट लहान दिसते, पण एकट्या राहणाऱ्या आईस दिवसाचा आधार तेवढाच असतो. शहर ठरवितांना हें घड्याळहि भिंतीवर मांडून पाहावें. आणि निदान पहिलीं कांहीं वर्षें येथील घर विकूं नये. साठ दिवसांच्या मुदतीवर ज्याचा संसार उभा आहे, त्याला परत येण्यास एक दार असणें ही चैन नव्हे.

यांतून अमुक एक शहर सर्वांसाठीं उत्तम असा निकाल निघत नाहीं. लहान मूल असलेल्या कुटुंबास जें शहर योग्य, तें एकट्या विद्यार्थ्यास योग्य नसेल. मोटार चालविण्यास भिणाऱ्यास फिलाडेल्फिया बरें, तर थंडीस भिणाऱ्यास ह्यूस्टन बरें. परंतु प्रश्नांचा क्रम मात्र सर्वांस सारखाच आहे. आपण कशासाठीं जात आहों. त्या कामाचीं दारें तेथें किती. तेथें कसें ये-जा करावें लागेल. हातीं काय उरेल. शरीर काय सोसेल. आणि अडचणीच्या रात्रीं कोणाचें दार ठोठावतां येईल? यांतील एकहि प्रश्न वसईविरारच्या माणसास नवा नाहीं. घरांतील वडील माणसें हे प्रश्न विचारूं लागलीं, तर त्यांस इकडचें जुनें म्हणून गप्प बसवूं नये. दहा स्टेशनें बदलून त्यांनीं हें ज्ञान मिळविलें आहे, आणि मुलास द्यावयाची शिदोरी म्हणून त्याची योग्यता पुष्कळ आहे.